चार-चाळीसचे गार्ड

गार्डसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बोकडाची समजूत काढत होते. उन्हाळ्याची दुपार, आदिलाबादचा फलाट, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट आणि हातात दोरी. बोकड गार्डच्या डब्यात चढायला तयार नव्हता. मी त्याच दिवशी बुकिंग क्लार्क म्हणून रुजू झालो होतो. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "तुमचा का?"

"मी माळकरी माणूस, बोकड पाळून काय करू?" ते म्हणाले. "ह्याचा मालक अजून बाजारात हाये. बोकड इथं हाये म्हंजे मालक येणार. मालक येणार म्हंजे गाडी थांबणार. समजलं?"

मला समजलं नाही. समजायला दोन बाजार जावे लागले.

आमची गाडी छोट्या लाइनीची. सकाळी किनवटच्या बाजूनं यायची, दिवसभर फलाटावर उभी राहायची आणि संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी आल्या वाटेनं परत जायची. पुढं रूळच नव्हते, त्यामुळं दुसरा काही विचार करायची तिला सोय नव्हती. बाजाराच्या दिवशी रुळाकडच्या गावांतले लोक तिनं यायचे, तिनंच जायचे. जैनथकडून पुढं किनवटला जाणारे बैलगाडीनं स्टेशनावर यायचे. निम्मे लोक बाजाराला अंगडी म्हणत, निम्मे बाजार म्हणत. उशीर दोघांनाही सारखाच व्हायचा.

त्यावर गार्डसाहेबांनी एक दस्तूर पाडला होता. संध्याकाळच्या गाडीनं ज्याला जायचं त्यानं आपलं एखादं गाठोडं, घागर, छत्री, काहीही, आधीच गार्डच्या डब्यात आणून ठेवायचं. गाडी सुटायच्या वेळी प्रत्येकानं येऊन आपली वस्तू उचलायची आणि डब्यात जाऊन बसायचं. गार्डच्या डब्यात एक जरी गाठोडं उरलं तरी गार्डसाहेब झेंडी दाखवत नसत. तिकीट काढलं की नाही याच्याशी दस्तुराचा संबंध नव्हता. लोक आधी गाठोडं ठेवत आणि मग जमलं तर माझ्या खिडकीवर येत. तिकिटानं गाडीत बसता येतं, गाठोड्यानं गाडी थांबते, एवढा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

गावोगावच्या माणसांबद्दल गार्डसाहेबांची मतं ठाम होती. "जैनथचे लोक जेवून निघतात, म्हणून त्यायले उशीर. नेरडीगोंड्याचे निघून जेवतात, ते येळेवर." स्वतः ते नेरडीगोंड्याकडचे होते, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, स्टेशनमास्तरांनी सांगितलं. कोट ते वैशाखातही काढत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "सिग्नल काय उन्हात खाली बसते?"

इंजिनाचा ड्रायव्हर आणि गार्डसाहेब सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण दोघांनाही आठवत नव्हतं, किंवा आठवत असून सांगण्यासारखं नव्हतं. एक गाडीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. हे भांडण लक्षात घेऊनच रेल्वेनं गाडी लांब ठेवली असावी, असं स्टेशनमास्तर म्हणत. शिट्टी आणि झेंडी, एवढंच त्यांचं संभाषण. आणि खरं सांगायचं तर बोलणाऱ्या माणसांत इतका कमी गैरसमज मी पाहिलेला नाही.

संस्थान विलीन झालं, त्यामागोमाग रेल्वेही विलीन झाली. विलीन होणं म्हणजे काय, हे आम्हाला कागदांवरून कळलं: पूर्वी एक कागद यायचा तिथं तीन यायला लागले. जुन्या माणसांना नव्या रेल्वेत सामावून घ्यायचं होतं आणि कोण कुठं मावतो हे पाहायला काही वर्षांनी एक नवे साहेब सिकंदराबादहून आले. तरुण होते, नीटनेटके होते आणि वक्तशीरपणावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी गार्डसाहेबांची वही मागवली. गाडीला किती उशीर झाला आणि का, हे गार्डनं तिच्यात रोज लिहायचं असतं. इतर गार्ड 'इंजिनात बिघाड' किंवा 'पाणी घेण्यास विलंब' असं काहीतरी सर्वमान्य लिहीत. गार्डसाहेब खरं लिहीत.

साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला हिंदीत वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: "जैनथच्या तीन बैलगाड्या, सात मिनिटं. नवरा-बायकोचं भांडण, बायको चढेना, पाच मिनिटं. बोकड, चार मिनिटं. मालक सापडला, बोकड सुटला, आणखी सहा मिनिटं."

"ये रेलगाडी है या बारात?" साहेब म्हणाले.

"साब, बारात तो एक दूल्हे के वास्ते रुकती," गार्डसाहेब म्हणाले. "अपनी गाडी सबके वास्ते रुकती."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिथंच हुकूम लिहून दिला. गाठोड्यांचा दस्तूर आजपासून बंद. गाडी कोणत्याही व्यक्तीसाठी, तिचा दर्जा कोणताही असो, एक मिनिटही थांबणार नाही. तीन महिने गाडी आदिलाबादहून वेळेवर सुटली तर गार्डसाहेब पॅसेंजरवर कायम. एकदा जरी चूक झाली तर मालगाडीवर.

मालगाडीचा पगार काही कमी नव्हता. पण गार्डसाहेबांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. बावीस वर्षं ते या लाइनीवरच्या बायकांना माहेरी नेत होते आणि सासरी आणून सोडत होते. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, हे त्यांना तहसीलीच्या आधी कळायचं. "पॅसेंजर म्हंजे माणसं," ते मला म्हणाले. "माणसं काढून घेतली तर मी कायचा गार्ड?" मग कोटाची बटणं चाचपून म्हणाले, "ठीक हाये. येळेवर काढू. आन कोणाले मांगं बी ठेवू नाई."

दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत असं मला वाटत होतं. मी वयानं लहान होतो, म्हणून बोललो नाही.

पुढच्या बाजारी साडेतीनला गार्डसाहेब शाळेची पितळी घंटा मागून घेऊन बाजारात शिरले. काळा कोट, डोक्यावर टोपी, हातात घंटा. भाजीच्या ओळीतून, कापडाच्या पालांतून, बैलांच्या मागून.

"चला वो माय, चला! कांदे उद्याबी रडवतीन, गाडी आजच जाईन!"

"गार्डसाहेब, गिऱ्हाईक हाये समोर," वांगी विकणारा ओरडला. "काऊन आमच्या पोटावर पाय देऊन राह्यले?"

"तुया गिऱ्हाइकालेच नेऊन राह्यलो. थे रुळाकडच्या कोसईचं हाये. इक लवकर, भाव कमी कर!"

त्यांनी प्रत्येक गावाचा एक माणूस नेमला. त्यानं आपल्या गावचे लोक गोळा करून स्टेशनावर आणायचे. जैनथच्या गाडीवानांना दम भरला की इथून पुढं जेवण स्टेशनावर. पहिल्या बाजारी गाडी चार-चाळीसला सुटली तेव्हा फलाटावरचे हमाल चूक झाल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. महिनाभरात लोक सव्वाचारलाच येऊन बसायला लागले. मग पावणेचारला. बाजाराच्या दिवशी वांगी अर्ध्या भावात मिळायला लागली, आणि स्टेशनवरच्या आम्हा सर्वांची प्रकृती वांग्यांनी बिघडली. गार्डसाहेबांच्या वहीत एकच शब्द रोज: 'वेळेवर.'

दुसऱ्या महिन्यात जैनथकडची एक म्हातारी आली.

ती बाजारकरी नव्हती. तिची लेक रुळाकडच्या एका गावी दिलेली, दिवस भरत आलेले. म्हातारी सकाळी शेजाऱ्याच्या बैलगाडीनं आली, डिंकाच्या लाडवांचं गाठोडं उभ्या गाडीत गार्डच्या डब्यात ठेवलं आणि बाळासाठी कापड आणायला बाजारात गेली. दोन-तीन वर्षांत ती गाडीत बसली नव्हती. दस्तूर बंद झाल्याचं तिला ठाऊक नव्हतं. आणि गार्डच्या डब्यातल्या हमालानंही ते बहुधा सवयीनंच ठेवून घेतलं.

साडेतीनची घंटा तिनं ऐकली. पण तिला घाई नव्हती. गाठोडं गाडीत होतं.

चार-चाळीसला गार्डसाहेबांनी शिट्टी वाजवली, झेंडी दाखवली, आणि गाडी हलल्यावर म्हातारी फलाटाच्या टोकाला दिसली. ती पळाली नाही. तिनं फक्त हात वर केला; आले, असं सांगायला. गार्डसाहेब डब्याच्या दारात उभे होते. त्यांनी तिला पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांच्या हातातली हिरवी झेंडी तशीच राहिली. गाडी गेली.

म्हातारी शांतपणे बाकावर बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "येईन ना थे मांगं. माह्यं गाठोडं हाये त्यात."

गाडी आता उद्या सकाळीच येते, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. मास्तरांच्या बायकोनं तिला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा गार्डसाहेब दारातच उभे होते. उतरले ते सरळ म्हातारीकडे गेले.

"गाठोडं तुह्या जवायाच्या हातात देल्लं, माय. थो गाडी घिऊन आला व्हता तुले घ्याले. आज येतानी थ्यानंच सांगतलं, पोरगी झाली. पहाटं. दोघी बऱ्या हायेत."

म्हातारीनं बाळाच्या कापडाची घडी नीट केली. मग म्हणाली, "साहेब, काल तुमी मले पाह्यलं व्हतं?"

"पाह्यलं."

"म्या हात केलता."

"पाह्यला."

"मंग?"

गार्डसाहेबांनी टोपी काढली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं डोकं पाहिलं. पार टक्कल होतं. "चुकलं माय," ते म्हणाले.

"माह्यी पोरगी हाका मारत असन रातच्यानं," म्हातारी म्हणाली. तिनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दिवसभर उभ्या गाडीत बसून राहिली आणि चार-चाळीसला गेली. त्या दिवशी गार्डसाहेबांनी वहीत आदल्या दिवशीच्या 'वेळेवर'शेजारी लिहिलं: 'एक बाई राहिली.' वहीत उशिराला रकाना होता. राहिलेल्या माणसाला नव्हता. त्यांनी समासात लिहिलं.

यानंतर ते बाजारात घंटा घेऊन जायचे ते पार गावाबाहेर जैनथच्या रस्त्यापर्यंत जायला लागले.

तिसरा महिना संपायला चार दिवस उरले असताना राज्यांची फेररचना झाली. पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांचं राज्य वेगळं आणि आपलं वेगळं, असं एका सकाळी कळलं. नद्या, सोयरे आणि रूळ जिथल्या तिथंच होते. पण अशा प्रसंगी काहीतरी सुरू झाल्याशिवाय लोकांना बरं वाटत नाही, म्हणून आमच्या गाडीचं उद्घाटन करायचं ठरलं. गाडी तीच, डबे तेच, वेळही तीच. नवी होती ती झेंडूची माळ, आणि इंजिनाच्या तोंडावर वाफेनं गळून पडणारी तिची फुलं. एक मोठे पाहुणे येणार, चार-चाळीसला हिरवी झेंडी दाखवणार आणि पहिल्या वर्गात बसून पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. तिथं शाळेची मुलं हार घेऊन उभी राहणार.

पाहुण्यांचं भाषण चार-वीसला सुरू झालं. व्यासपीठ इंजिनाजवळ होतं. प्रवासी केव्हाच गाडीत बसले होते. भाषणाला हमाल, शिक्षक आणि आम्ही. पाहुण्यांचा चपराशी डबा, पाण्याची सुरई आणि शाल घेऊन पहिल्या वर्गात बसला होता. साडेचारला गार्डसाहेब माझ्याकडे आले आणि चिठ्ठी दिली: 'दहा मिनिटं उरली. बसून घ्यावं.' मी ती मास्तरांना दिली, मास्तरांनी हात जोडून पाहुण्यांना दिली. पाहुण्यांनी ती न वाचता खिशात घातली. अशा चिठ्ठ्यांची त्यांना सवय असावी. चार-अडतीसला दुसरी चिठ्ठी गेली. तीही खिशात गेली.

"गार्डसाहेब, पाच मिनिटं," मास्तर काकुळतीनं म्हणाले. "फक्त आज. माझ्यासाठी."

"जैनथच्या बाईसाठी थांबलो नाई मास्तर," गार्डसाहेब म्हणाले. "ह्यायच्यासाठी काऊन थांबू?"

ते गाडीच्या शेवटाला गेले. घड्याळ पाहिलं. शिट्टी वाजवली. हिरवी झेंडी उघडली.

इंजिनाशेजारी व्यासपीठावर पाहुणे उभे, हातात गुंडाळलेली झेंडी, आणि "हा केवळ रुळांचा प्रश्न नाही" हे वाक्य चाललेलं. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून मान काढून मागं पाहिलं, सगळ्या डब्यांच्या पलीकडं, सहा वर्षं न बोललेल्या माणसाकडे. आणि इंजिनाची शिट्टी दिली.

गाडी हलल्यावर पाहुण्यांनी घाईघाईनं झेंडी उलगडून हलवली. फोटोग्राफरनं नेमका तेवढा क्षण टिपला. छायाचित्र उत्तम आलं. पाहून कुणालाही वाटेल की गाडी त्यांनीच सोडली. आपण तिच्यात असायला हवं होतं, हे त्यांना शेवटचा डबा जाताना लक्षात आलं.

पुढच्या स्टेशनात मुलांनी पहिल्या वर्गातून उतरलेल्या माणसाला हार घातले. तो चपराशी. मुख्याध्यापकांनी त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली, आणि तो खरोखर दोनच बोलला: "साहेब राहिले." त्याच स्टेशनात ड्रायव्हर इंजिनातून उतरून गाडीच्या टोकापर्यंत चालत आला आणि गार्डसाहेबांना म्हणाला, "टाइम पे निकले."

"हौ," गार्डसाहेब म्हणाले.

आठवड्यात तहकिकात लागली. तेच साहेब, माझ्याच बुकिंग ऑफिसात. मास्तरांनी आदल्या दिवशी एक वाट काढून ठेवली होती: "स्टेशनचं घड्याळ पुढं होतं असं लिहा. मी सही करतो. प्रकरण मिटतं."

"घड्याळ बरोबर व्हतं," गार्डसाहेब म्हणाले. "भाषण लंबं व्हतं."

साहेबांनी विचारलं, "गाडी किसके हुकूम से छोडी?"

"आपके, साब." आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून साहेबांचा हुकूम काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. 'तिचा दर्जा कोणताही असो' या शब्दांवर त्यांची नजर थांबली. स्वतःच्या भाषाशैलीचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला असावा. वाईट माणूस नव्हता तो. पण पाहुण्यांचं पत्र त्याच्या फायलीत होतं, आणि ते आमच्या कुणाच्याही हुकमापेक्षा जड होतं.

"दो लाइन माफी लिख दो," ते म्हणाले. "पॅसेंजर तुम्हारे पास रहेगा. मैं देखता हूँ."

मास्तरांनी कागद पुढं केला. मी दौत सरकवली. गार्डसाहेब कागदाकडे पाहत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, लिहितील.

मग ते मराठीतच बोलले, मास्तरांकडे पाहून. "मी एकदा माफी मांगली हाये मास्तर, त्या बाईची. आता ह्यायची मांगली, तर ह्यायच्यासाठी थांबाले पाह्यजे व्हतं असा अर्थ झाला. आन ह्यायच्यासाठी थांबता येत व्हतं, तर तिच्यासाठी काऊन नाई थांबलो, थे सांगा मले."

साहेबांनी मला भाषांतर करायला सांगितलं. थोडं मऊ करून सांगता आलं असतं. मी शब्दाला शब्द सांगितला. बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. साहेबांनी फाइल बंद केली.

गार्डसाहेब पुढच्या सोमवारपासून मालगाडीवर गेले. त्या दिवशी पॅसेंजर नव्या गार्डच्या झेंडीवर सुटली, बरोबर चार-चाळीसला.

मालगाडी तेव्हा मन मानेल तेव्हा यायची. तिची वाट पाहणारा कुणी नव्हता. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गाठी भरायच्या आणि निघून जायचं. पहिल्या दिवशी गार्डसाहेब उतरले, काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "हिचा टाइम काय हाये?"

"मालगाडीला टाइम नसतो साहेब."

"काऊन?"

"गाठींना कुठं जायची घाई असते? त्या काय तक्रार करणार?"

"तक्रार करत नाई म्हणून उशीर कराचा?" ते म्हणाले. "लिही. सव्वाअकरा."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मालगाडी सव्वाअकराला आली. तिसऱ्या दिवशी अकरा-सतराला, आणि गार्डसाहेब दोन मिनिटांची कैफियत द्यायला स्वतः खिडकीवर आले. पंधरा दिवसांत जिनिंगच्या बैलगाड्या अकरापासून माल घेऊन उभ्या राहायला लागल्या. त्याआधी त्या दोन-दोन दिवस उन्हात उभ्या असत, बैलांसकट, माणसांसकट. हे मी रोज खिडकीतून पाहत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं.

फलाटावर एक फळा होता, प्रवासी गाडीची वेळ लिहायला. मी खडू घेतला आणि त्या वेळेखाली दुसरी ओळ लिहिली: 'मालगाडी, ११-१५.' मला तसा हुकूम नव्हता. मास्तर संध्याकाळी फळ्यासमोर थांबले, चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली, आणि पुसली नाही.